प्रोस्टेट-मूत्राशयाचं संशोधन : "गुण ११ ने उतरला" म्हणजे नेमकं काय झालं?

अंबाझरी_काठ

नागपुरात अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांच्या गटात आठवड्याला एक तरी फॉरवर्ड पडतोच. "प्रोस्टेट आता ऑपरेशनशिवाय", "वाफेने काही मिनिटांत काम", "गुण ११ ने उतरला", "अमुक गोळीने धोका ६६ टक्के कमी". खाली दहा जणांचे हात जोडलेले.

डॉक्टर कोणता चांगला, हे मला नको आहे. त्यासाठी रामदासपेठ-धंतोलीत एक चक्कर मारून पाट्या वाचल्या तरी भागतं. घरगुती उपायही नकोत. प्रश्न एवढाच आहे की या चाचण्यांमध्ये मोजतात काय, मोजण्यात चुकतं कुठे आणि आजवर कशाकशाचा खरोखर निकाल लागला आहे? जाणकारांनी लिहावं. आपबिती नको, आकडे द्या.

तर्रीपोहा

पहिला! तर्री आणि लघवीची जळजळ यावर संशोधन झालं नसेल तर कृपया होऊ देऊ नका.

शून्य_परिकल्पना

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुठल्याही औषधाचा नाही. तो आहे ५.९.

आधी मोजपट्टी बघू. प्रोस्टेटच्या तक्रारी आयपीएसएस नावाच्या प्रश्नावलीवर मोजतात. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. आठवा प्रश्न वेगळा, "असंच चालू राहिलं तर कसं वाटेल", त्याला ० ते ६. साधारण ३ गुणांचा फरक पडला तर माणसाला तो जाणवतो.

आता ५.९ कुठून आला ते. प्रोस्टेटच्या फाकी बाजूला ओढून क्लिपांनी बांधायची युरोलिफ्ट नावाची पद्धत आहे. तिच्या मुख्य चाचणीत २०६ पुरुष होते. काहींना खऱ्या क्लिपा लावल्या. बाकीच्यांना नुसती दुर्बीण घातली, मध्ये पडदा धरला आणि यंत्राचे खटखट आवाज ऐकवले. तीन महिन्यांनी खऱ्या गटाचा गुण ११.१ ने उतरला आणि नुसत्या खटखटीचा ५.९ ने! वाफेच्या पद्धतीच्या, म्हणजे रेझूमच्या चाचणीत १९७ जण होते. तिथे खऱ्या गटात ११.२, लुटुपुटूच्या गटात ४.३.

म्हणजे फॉरवर्डमधला "गुण ११ ने उतरला" हा आकडा खोटा नाही. पण त्यातला निम्मा वाटा काहीच न करता मिळतो. क्लिपांच्या नावावर जमा होतात ते उरलेले ५.२.

सीताबर्डीकर

काहून भाऊ, नुसती दुर्बीण घालून माणूस बरा कसा होते? का मग सगळा मनाचाच खेळ आहे म्हणून सांगून राहिले?

शून्य_परिकल्पना

@सीताबर्डीकर, मनाचा भाग आहेच, पण सगळा नाही. दोन्ही चाचण्यांत प्रवेशासाठी किमान १३ गुणांची अट होती. प्रोस्टेटचा त्रास वरखाली होत असतो. माणूस दवाखाना गाठतो तो वर असताना, तेव्हाच अट पूर्ण होते आणि भरती होते. पुढच्या वेळी मोजलं की त्रास आपोआप मधल्या पातळीवर आलेला असतो. शिवाय चाचणीत शिरला की तो संध्याकाळचा चहा कमी करतो, झोपण्याआधीचं पाणी तोडतो, नर्स दर महिन्याला विचारपूस करते. हे सगळं त्या ५.९ मध्ये आलं.

प्रोस्टेटमध्ये बोटॉक्स टोचायची कल्पना यातच बुडाली. छोट्या अभ्यासांत सुरेख निकाल होते. मग ३८० जणांची चाचणी झाली, १००, २०० आणि ३०० युनिट. २०१३ मध्ये निकाल छापून आला. सगळे गट सुधारले, नुसत्या सलाइनचं इंजेक्शन मिळालेलेही तेवढेच.

फ्लोचार्ट

गुणाचं ठीक आहे, तो माणसाच्या तोंडून येतो. पण धार मोजायला यंत्र आहे ना, ते कसं फसेल, असं पुष्कळांना वाटतं. फसतं. कसं ते सांगतो.

युरोफ्लोमेट्रीत खुर्चीखाली किंवा स्टँडवर नरसाळं, त्याखाली जग आणि जगाखाली वजनकाटा. वजन सेकंदाला किती वाढलं त्यावरून यंत्र धारेचा वेग काढतं. निरोगी आलेख घंटेसारखा येतो. मूत्रमार्ग आकुंचन पावला असेल तर टेबलासारखा सपाट. प्रोस्टेटमध्ये बुटका, लांबलचक, खालीवर. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा बरं, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय.

आता गफलती.

एक, लघवी १५० मिलीहून कमी झाली तर तो आलेख फेकून द्यायचा. थोड्या लघवीला धारच धरत नाही.

दोन, धार नरसाळ्याच्या एका बाजूवरून दुसरीकडे गेली किंवा जगाला पाय लागला तर आलेखावर सुईसारखा उंच काटा उठतो. यंत्र इमानेइतबारे तोच काटा "सर्वाधिक वेग २८" म्हणून छापतं. आलेख न बघता छापलेला आकडा उतरवला की रुग्ण कागदावर बरा. म्हणून चांगल्या चाचणीत आलेख दुसऱ्या ठिकाणी, कोणाला काय दिलंय हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून हाताने वाचून घेतात.

तीन, ही आपल्याकडची खासियत. सोनोग्राफीच्या रांगेत "पाणी पिऊन बसा" म्हटलं की माणूस दोन बाटल्या रिचवतो आणि दीड तास दाबून बसतो. मूत्राशय सातशे-आठशेला ताणलं की स्नायू धड आवळतच नाही. धार बारीक येते, आत दोनशे मिली उरते आणि रिपोर्टवर "उरलेली लघवी २००". साधारण अर्धा लिटर पाणी, मग नेहमीसारखी लागली की लगेच, आणि दोन वेळा मोजणी. एका मोजणीवर कुणाला चाचणीत घेऊ नये, ऑपरेशनलाही नाही.

तर्रीपोहा

आणि दाराबाहेर पाच जण उभे, आतून नर्सचं "झाली का काका?" त्याने वेग किती उतरतो, हे काढलंय का कुणी?

फ्लोचार्ट

@तर्रीपोहा, विनोद नाही तो. त्यासाठीच खोलीत एकट्याला सोडायचं असतं आणि नंतर विचारायचं असतं, "घरी होते तशीच झाली का?" तो नाही म्हणाला तर मोजणी पुन्हा.

गोळीमास्तर

मूळ प्रश्नातल्या ६६ टक्क्यांकडे येतो. तो आकडा खरा आहे आणि बहुधा एमटॉप्स चाचणीचा आहे. २००३, ३०४७ पुरुष, सरासरी साडेचार वर्षं. चार गट होते : डॉक्साझोसिन, फिनास्टेराइड, दोन्ही मिळून आणि नुसती साखरगोळी. आजार पुढे सरकण्याचा धोका, म्हणजे गुण ४ ने चढणं, लघवी अडकणं वगैरे, पहिल्याने ३९ टक्के, दुसऱ्याने ३४ आणि दोन्हींनी मिळून ६६ टक्के कमी झाला.

हेच डोकी मोजून सांगतो. चार वर्षांत साखरगोळीवर १०० पैकी १७ जणांचा आजार पुढे सरकला, एकेका औषधावर १० जणांचा, दोन्हींवर ५ जणांचा. म्हणजे शंभर जणांनी चार वर्षं रोज दोन औषधं घ्यायची तेव्हा बारा वाचतात. चांगलंच आहे ते. फक्त "६६" ऐकून डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते हे नव्हे.

फरक लक्षात ठेवा. डॉक्साझोसिन, टॅमसुलोसिन ०.४, सिलोडोसिन ८, अल्फुझोसिन १० मिलिग्रॅम ही कुळी मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करते, काही दिवसांत फरक पडतो, ग्रंथी मात्र तेवढीच राहते. फिनास्टेराइड ५ आणि ड्युटास्टेराइड ०.५ ग्रंथी बारीक करतात, पण सहा महिने थांबावं लागतं. तीस ग्रॅमच्या छोट्या ग्रंथीला ती देऊन फारसं हाती लागत नाही. महिनाभराने "दुसरी गोळी लागू पडली नाही" म्हणून सोडणारे पुष्कळ. ती लागू पडायची वेळच आली नसते.

दोन इशारे दुकानाच्या काउंटरवरून. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतलंय, हे डोळ्यांच्या सर्जनला आधी सांगा. बुबुळाचा पडदा ऑपरेशनमध्ये लुळा पडतो, हे २००५ मध्ये लक्षात आलं. आधी चार दिवस गोळी बंद केल्याने ते हमखास टळत नाही. दुसरं, सर्दीच्या गोळ्या. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांची जोडगोळी असलेलं काहीही प्रोस्टेटवाल्याने परस्पर घेऊ नये. एक औषध मूत्राशयाला ढिलं करतं, दुसरं तोंड आवळतं, आणि डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता कॅथेटर घालायची पाळी येते.

सीताबर्डीकर

हे बराबर. पण पीएसए, म्हणजे ती प्रोस्टेटची रक्ततपासणी? फॉरवर्डमध्ये लिहून असते, "आमच्या औषधाने पीएसए निम्मा". निम्मा झाला म्हणजे कॅन्सरची भीती गेली ना?

गोळीमास्तर

नाही भाऊ. फिनास्टेराइड सहा महिने-वर्षभर घेतलं की पीएसए तसाही निम्म्यावर येतो, कॅन्सर असो की नसो. म्हणून त्या माणसाचा आकडा दुप्पट करून वाचायचा. २.५ आला तर तो ५ धरायचा. लॅबवाल्याला कुणी सांगत नाही, रिपोर्टवर हिरवा रंग येतो आणि सगळे खूश.

उलटही होतं. लघवीचा जंतुसंसर्ग, नुकतं घातलेलं कॅथेटर, आदल्या एक-दोन दिवसांतला शरीरसंबंध, यांनी पीएसए चढतो. संसर्गानंतर सहा-आठ आठवडे थांबून तपासलं तर तो आपसूक खाली आलेला दिसतो. मधल्या काळात जे काही घेतलं असेल, मग तो दुधीचा रस का असेना, श्रेय त्याला.

वैदर्भी_वैद्य

दुधी मध्येच ओढलात म्हणून लिहितो. सुश्रुतांनी मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, १२ प्रकार सांगितले, चरकांनी १३. त्यातली वाताष्ठीला, म्हणजे दगडी गोट्यासारखी टणक गाठ जी मलमूत्र अडवते, ती वाचताना प्रोस्टेटच आठवतो. गोखरू, वरुण, पुनर्नवा आम्ही देतो. पण "हजारो वर्षं वापरतोय" हा पुरावा म्हणून पुढे करणार नाही. वर शून्य_परिकल्पना यांनी दाखवलेले ५.९ गुण आमच्याही खात्यात फुकट जमा होत असणारच.

आमच्या चाचण्यांची अडचण दुसरी आहे. गोखरूचं चूर्ण, काढा आणि घनवटी (काढा आटवून केलेली गोळी) ही तीन वेगळी औषधं झाली. माल कुठल्या हंगामातला, फळ की पंचांग (मुळापासून फळापर्यंत अख्खं झाड), किती पाण्यात किती आटवलं, हे लिहून नसेल तर दुसऱ्याला तो प्रयोग करून बघताच येत नाही. आणि कडूतुरट काढ्याचा तोतया बनवणं सोपं नाही. चवीवरून रुग्ण पहिल्याच दिवशी ओळखतो की आपल्याला खरं मिळालं. घनवटी कॅप्सूलमध्ये भरून दिली तरच आंधळी चाचणी जमते.

शून्य_परिकल्पना

@वैदर्भी_वैद्य, इतकं सरळ लिहिल्याबद्दल मानलं. वनस्पतींत सॉ पामेटोचं उदाहरण बघण्यासारखं आहे, कारण तिथे कुरकुरीला जागाच ठेवली नाही. २००६ मध्ये २२५ जण, १६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर. फरक शून्य. समर्थक म्हणाले, डोस कमी पडला. मग २०११ मध्ये ३६९ जण, ७२ आठवडे, डोस वाढवत तिप्पट केला. अर्क घेणाऱ्यांचा गुण २.२० ने उतरला आणि साखरगोळीवाल्यांचा २.९९ ने.

वैदर्भी_वैद्य

मान्य. पण सॉ पामेटो नापास झाला म्हणून गोखरू नापास झाला नाही. त्याचा पेपर अजून नीट लिहूनच घेतलेला नाही, एवढंच म्हणता येईल.

तर्रीपोहा

साखरगोळी २.९९ ने जिंकली. मी उद्यापासून साखरगोळी विकणार, इतवारीत गाळा बघून ठेवलाय.

गोळाभात

धागा "प्रोस्टेट-मूत्राशय" असा आहे, पण इतका वेळ बायांचं मूत्राशय कुणालाच आठवलं नाही!

सारखी आणि घाईची लघवी, म्हणजे अतिचपळ मूत्राशय, यात प्रश्नावलीपेक्षा डायरी चालते. सलग तीन दिवस. किती वाजता, किती मिली, घाई होती का, कपड्यांत झाली का, काय प्यायलं. मिलीचे आकडे असलेलं प्लास्टिकचं मापटं घ्या, "एक ग्लासभर" असं लिहू नका. चुकतं तिथेच. बायका रात्री झोपताना दिवसभराचं आठवून भरतात आणि मग सगळ्या वेळा गोल आकड्यांत येतात, ८, १०, १२. अशी डायरी बघताक्षणी ओळखू येते.

आता मिराबेग्रॉन, याच त्रासावरची नवी गोळी. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता. मुख्य चाचण्यांपैकी एकीत २४ तासांतल्या खेपा ५० मिलिग्रॅमने १.९३ ने कमी झाल्या, साखरगोळीने १.३४ ने. दिवसाला अकरा-बारा खेपा होत्या, त्यात औषधाची स्वतःची कमाई साधारण अर्धी खेप. नुसत्या सरासरीवर जाऊ नका, काहींना पुष्कळ फरक पडतो, काहींना काहीच नाही. म्हणून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा डायरी भरून मगच पुढे चालू ठेवायचं. गोळी अख्खी गिळायची, ठेचून नाही, ती हळूहळू सुटणारी असते. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर देतच नाहीत.

जुन्या गोळ्यांनी, ऑक्सिब्युटिनिन वगैरेंनी, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि म्हाताऱ्या माणसांत गोंधळलेपण येतं. इथे तोंड कोरडं झालं की बाई पाणी जास्त पिते आणि खेपा परत वाढतात. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका.

बोटॉक्स प्रोस्टेटमध्ये हरला तरी मूत्राशयात जिंकला. १०० युनिट, २० जागी अर्धा-अर्धा मिली, असर साधारण सहा महिने. पण १०० पैकी सहाएक जणांना काही काळ लघवी साठून राहते आणि स्वतःच नळी घालावी लागते. ती घालायला आधी शिकवलेलं असेल तरच टोचावं. नंतर शिकवू म्हटलं तर रडारड.

व्यायाम स्वस्त आणि सिद्ध आहे. कटितळाचे स्नायू आवळणं, निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. श्वास रोखून खाली जोर लावला तर उलटं होतं. आणि लघवी करता करता मध्येच थांबवायची, हा व्यायाम नाही. स्नायू ओळखायला एखादवेळी ठीक.

सीताबर्डीकर

ताई, अन् वारंवार इन्फेक्शन होते त्याचं? डी-मॅनोजची पावडर लय खपून राहिली.

गोळाभात

दादा, त्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. ब्रिटनमध्ये ५९८ बायका, रोज २ ग्रॅम, सहा महिने. पुन्हा संसर्गासाठी दवाखान्यात यावं लागलं त्या मॅनोजवाल्यांत ५१ टक्के, तोतया पावडरवाल्यांत ५५.७. हा फरक योगायोगाच्या हद्दीतला.

त्याउलट मेथेनामिन हिप्युरेट हे जुनं औषध २०२२ च्या चाचणीत पुन्हा वर आलं. २४० बायका, एक वर्ष. रोजच्या अँटिबायोटिकवर वर्षाला दर बाईमागे ०.८९ वेळा संसर्ग, मेथेनामिनवर १.३८. आकड्यात हरलं, पण वर्षाला एकाहून कमी फरक चालवून घेऊ असं आधीच ठरलं होतं. आणि ते जंतूंना औषधाला मुर्दाड करत नाही.

शून्य_परिकल्पना

"आधीच ठरलं होतं" हे अधोरेखित करा. निकाल आल्यावर "एवढा फरक चालतो" म्हणणं म्हणजे बाण लागला तिथे वर्तुळ काढणं.

ओटी_तीन

शस्त्रक्रियेवर थोडं. टीयूआरपीला, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडण्याच्या ऑपरेशनला, तोतया गट ठेवता येत नाही, पण तिथे फरक इतका मोठा असतो की वाद उरत नाही. खरे प्रश्न दोन : किती जणांना पुन्हा टेबलावर यावं लागतं आणि किती मोठ्या ग्रंथीला चालतं.

पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया : क्लिपांच्या चाचणीत १३.६ टक्के, वाफेच्या चाचणीत ४.४. फॉरवर्डमध्ये तीन महिन्यांचा गुण असतो, पाचव्या वर्षाचा हिशेब नसतो. वाफेची पद्धत साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीवर तपासलेली आहे. १०३ अंशांची वाफ, एका टोचणीला ९ सेकंद. "काही मिनिटांत काम" खरं आहे, पण ग्रंथी आधी सुजते, कॅथेटर काही दिवस राहतं आणि आराम पडायला आठवडे जातात. "घरी जाताना धार मोकळी" असं कुणी सांगत असेल तर ते चूक.

मोठ्या ग्रंथीला, शंभर-दीडशे ग्रॅम, होल्मियम लेझरने संत्र्याच्या फोडी सालापासून सुटाव्यात तशी फाक आख्खी सोडवतात, म्हणजे होलेप. न्यूझीलंडमध्ये गिलिंग यांनी नव्वदच्या दशकात बसवलं. सोडवलेली फाक मूत्राशयात ढकलायची आणि मॉर्सेलेटरने कुरतडून ओढून घ्यायची. घात होतो तो इथे. पाणी कमी पडून मूत्राशय सैल झालं तर त्याचीच भिंत पात्यात ओढली जाते. म्हणून दोन्ही बाजूंनी पाणी चालू, मूत्राशय टम्म, रक्त थांबून नजर स्वच्छ झाल्याशिवाय पायडल दाबायचं नाही. हात बसायला चाळीस-पन्नास केसेस लागतात, तेव्हा मशीन कोणतं यापेक्षा किती केल्या हे विचारा.

जुन्या टीयूआरपीत ग्लायसीनचं पाणी वापरत. ते रक्तात शोषून सोडियम पडायचं, माणूस बरळायला लागायचा, म्हणून तासाभरात आटपायचं. नव्या बायपोलर टीयूआरपीत सलाइन चालतं, ती भानगड गेली. यावर मात्र कधी फॉरवर्ड आला नाही, कारण विकायला काही नवीन नव्हतं.

अंबाझरी_काठ

अपेक्षेपेक्षा भारी धागा झाला. संत्र्याच्या फोडी आल्या म्हणजे नागपूर पूर्ण. कॅन्सरवर कुणी लिहील का? तिथेही तोतया गटाचा एवढाच घोळ असतो?

वॉर्ड_नऊ

तिथे कमी. गाठ तोतया औषधाने विरघळत नाही. तिथला घोळ डोस आणि वेळापत्रकाचा.

मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर बीसीजी, हीच क्षयाची लस, मूत्राशयात सोडतात. कॅनडात मोरालेस यांनी १९७६ मध्ये फक्त ९ रुग्णांवर छापलं. आठवड्याला एक असे सहा डोस का? त्रास आठवड्यात ओसरायचा आणि लस सहा कुप्यांच्या पॅकमध्ये यायची. जगभर आजही सहाच! पुढे २००० मध्ये लॅम यांच्या चाचणीने देखभालीचे डोस ठरवले : ३, ६, १२, १८, २४, ३०, ३६ व्या महिन्यांत तीन-तीन.

मग लोकांनी काटछाट करून पाहिली. एक तृतीयांश डोसने त्रास तरी कमी होईल म्हणून १३५५ जणांवर युरोपीय चाचणी झाली. २०१३ चा निकाल : त्रास तेवढाच, आणि जास्त धोक्याच्या गाठींत पूर्ण डोस तीन वर्षंच सरस. दुसरीकडे १५ ऐवजी ९ वेळाच सोडून पाहिलं, तर गाठी इतक्या परतल्या की २०१९ मध्ये भरती थांबवली. कुप्यांच्या पॅकवरून ठरलेला आकडा काटायला गेलं की आपण हरतो, याची गंमत वाटते.

प्रत्यक्षात : गाठ खरवडल्यावर निदान दोन आठवडे थांबायचं. नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी बीसीजी सोडायचीच नाही, जिवंत जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं. ५० मिली सलाइनमधून, दोन तास धरून. आधी चार तास पाणी-चहा कमी, नाहीतर तासाभरातच धावपळ. नंतर सहा तास बसून लघवी, दर वेळी संडासात तेवढंच ब्लीच ओतून १५-२० मिनिटांनी फ्लश. घरी जाताना हे शेवटचं सांगायचं राहतं.

गोळीमास्तर

प्रोस्टेट कॅन्सरमध्ये दोन गोष्टी. पहिली, पीएसएवरून सापडलेल्या, ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरवर ब्रिटनची प्रोटेक्ट चाचणी : १६४३ जण, नुसती देखरेख, ऑपरेशन किंवा किरणोपचार. २०२३ मध्ये १५ वर्षांचा हिशेब आला. त्या कॅन्सरने गेले एकूण २.७ टक्के, तिन्ही गटांत थोड्याफार फरकाने तेवढेच. म्हणजे निदान झालं की त्याच आठवड्यात टेबल गाठायलाच हवं असं नाही. पसरलेल्या कॅन्सरला हे लागू नाही, गल्लत करू नका.

दुसरी पैशाची. अबिराटेरोन हे पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवरचं औषध. २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या उपाशीपोटी, हा छापील डोस. कमी चरबीच्या जेवणासोबत ते पाचपट शोषलं जातं, तुपातेलाच्या जेवणासोबत दहापट. म्हणून एकच गोळी हलक्या नाश्त्यासोबत, अशी ७२ जणांची चाचणी २०१८ मध्ये आली. पीएसए तेवढाच उतरला. खर्च पाव. पण तिथे मोजला पीएसए, आयुष्य नाही, आणि जण ७२. ठरवायचं डॉक्टरांनी. घोटाळा होतो तो अर्धवट ऐकण्यात : कुणी चारही गोळ्या सावजीच्या जेवणावर घेतो, कुणी एकच गोळी उपाशीपोटी.

सीताबर्डीकर

सावजीसोबत म्हणजे दहापटीच्याही वर जाईन भाऊ, तेलाचा तवंगच बोटभर रायते.

शब्दवेडा

अवांतर. आयपीएसएसच्या मराठी कागदांवर "गेल्या महिन्यात" असं छापलेलं असतं. १२ मार्चला विचारलं तर कुणी फेब्रुवारीचं सांगतो, कुणी गेल्या तीस दिवसांचं. "गेल्या महिन्याभरात" हवं. आणि "पाच वेळांपैकी एकापेक्षा कमी वेळा" हे वाचून किती जण गणित मांडत बसत असतील?

फ्लोचार्ट

@शब्दवेडा, अवांतर कुठलं, मुद्द्याचं आहे. हाच कागद पहिल्यांदा मुलाने वाचून दाखवला आणि तीन महिन्यांनी रुग्णाने स्वतः भरला, तर मधला फरक औषधाचा की वाचणाऱ्याचा? "कुंथावं लागतं का" हे लेकीसमोर कोणी खरं सांगत नाही.

नोंदवही

आता मूळ प्रश्नाकडे. भारतात होणारी चाचणी सीटीआरआयच्या संकेतस्थळावर सापडते. ही नोंदवही २० जुलै २००७ ला सुरू झाली, १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची. क्रमांक असा : सीटीआरआय, तिरपी रेघ, वर्ष, महिना, मग सहा आकडे. फॉरवर्डमध्ये हा क्रमांक मागा. मिळाला तर चार रकाने बघा : नोंदणी पहिल्या रुग्णाच्या आधीची की नंतरची, तुलनेचा गट कोणता, मुख्य निकष काय आणि कितव्या आठवड्याला, रुग्ण किती. छापून आलेल्या निबंधातला मुख्य निकष इथल्याहून वेगळा निघाला, तर मध्ये वर्तुळ सरकलं आहे.

आणि कुणाला चाचणीत भाग घ्यायला विचारलं, तर मराठीतलं माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीची प्रत घरी न्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. मध्येच बाहेर पडायचा हक्कही आहे, कारण न देता.

तर्रीपोहा

मंडळी, परीक्षा द्यायला आलोय. खालचा फॉरवर्ड मी स्वतः रचलाय, पूर्ण बनावट. चुका काढा.

"खुशखबर! तर्री-चूर्ण! ६० ज्येष्ठांवर प्रयोग. जानेवारीत सुरू, मे महिन्यात समाप्त. ९० टक्क्यांना आराम! गुण ६ ने उतरला! रात्रीच्या खेपा घटल्या! पीएसए निम्मा!"

शून्य_परिकल्पना

तुलनेचा गट नाही. ६ मधून ५.९ वजा करा, चूर्णाची कमाई ०.१. "आराम" म्हणजे किती गुण, ते आधी लिहिलेलं नाही.

गोळीमास्तर

साठांपैकी किती जण फिनास्टेराइडवर होते?

नोंदवही

क्रमांक?

गोळाभात

रात्रीच्या खेपा डायरीवरून की आठवून?

फ्लोचार्ट

सगळ्यांनी मोठं सोडलं. जानेवारीत सुरू आणि मेमध्ये समाप्त, तेही नागपुरात! जानेवारीत घाम नाही, जे प्यायलं ते सगळं लघवीवाटे. मेमध्ये पंचेचाळीस अंशांत तेच पाणी बनियनमधून निघतं. खेपा घटणारच. हाच प्रयोग मेमध्ये सुरू करून जानेवारीत संपव, तुझ्या चूर्णाने प्रोस्टेट वाढतो असं सिद्ध होईल.

तर्रीपोहा

इतवारीचा गाळा रद्द केला.

अंबाझरी_काठ

जानेवारी-मेचा मुद्दा उद्या सकाळी बागेत सांगतो. हात जोडणारे दहा जण काय म्हणतात ते इथेच कळवीन.